नाव खोडले तरी माणूस ओळखू येतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३१ वर्षे सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून नोकरी केली. गेल्या महिन्यात गुडघा दाखवायला एका खासगी रुग्णालयात गेले. केसपेपरच्या खिडकीवरच्या मुलाने आधार कार्ड घेतले आणि "मावशी, ओटीपी सांगा" म्हणाला. माझा १४ आकडी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखक्रमांक) निघाला. तो ऐच्छिक असतो, हे त्याने सांगितले नाही. मग एक इंग्रजी फॉर्म पुढे केला. वाचला, तर माझे रिपोर्ट 'संशोधनासाठी' वापरायला संमती! "सही नाही केली तर?" असे विचारले. त्याला उत्तर माहीत नव्हते. मागे रांग ताटकळत होती.

संशोधन व्हायलाच हवे. टीबीचा पेशंट गोळ्या मध्येच का सोडतो, हे आमच्या रजिस्टरांवरूनच कळायचे. पण "नाव काढून टाकतो" एवढ्यावर माझा भरवसा नाही. माझ्याकडे एक बाई एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या न्यायची. बाटली वाजते म्हणून गोळ्या रुमालात बांधायची. तिचे गाव, वय आणि 'विधवा' एवढे लिहिले, तरी पारावर बसलेला कोणीही तिचे घर दाखवील. अमेरिकेत १९९७ साली लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने नावे काढलेल्या नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांचे आजारपण शोधून काढले होते. जन्मतारीख, लिंग, पिन कोड आणि २० डॉलरला मिळालेली मतदार यादी, एवढ्यावर!

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला अटींवर सूट आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणारी नीती समिती, काही वेळा संमतीची अट माफ करू शकते. वीस वर्षांपूर्वीच्या कागदांसाठी मी ते समजू शकते, कारण ती माणसे शोधायची कुठे? पण खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला विचारायला काय अडचण आहे?

संमतीचा कागद वेगळा आणि मराठीत हवा. 'नाही म्हटले तरी उपचार तोच' हे त्यावर ठळक छापा. लहान गावांची नावे गाळून फक्त जिल्हा ठेवा. माहिती औषध कंपनीला जाणार असेल, तर तेही लिहा.

तो फॉर्म सही न करता घरी आणला आहे. माहिती कोण वापरणार, हे मराठीत लिहून दिले, तर मी आनंदाने सही करीन.

एक निवृत्त परिचारिका,
जि. सोलापूर