उमोजातले मणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिला दिन जवळ आला की केनियातील उमोजा गावावर कुठे ना कुठे मजकूर छापून येतो आणि मथळा ठरलेला असतो : ‘पुरुषांना बंदी असलेले गाव’. दर वेळी वाचून वाईट वाटते. तिथल्या बायकांनी जे कमावले, त्यात ही बंदी सगळ्यांत लहान गोष्ट आहे.

उमोजातल्या बायका सांबुरू. सांबुरू ही मसाईंसारखीच माआ भाषा बोलणारी, गुरांवर जगणारी जमात. काटक्या उभ्या करून, शेणामातीने लिंपून घर बांधते ती बाई. धारा काढते तीही बाईच. गुरे मात्र नवऱ्याची. त्याने हाकलले, की नेसत्या वस्त्रानिशी बाहेर. 1990 मध्ये रिबेका लोलोसोली आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी उमोजा वसवले, तेव्हा त्यांतल्या कित्येकींनी ब्रिटिश सैनिकांनी बलात्कार केल्याचे सांगितले होते, आणि घरच्यांनी बाट लागला म्हणून त्यांनाच घराबाहेर काढले होते.

त्यांनी पोट भरले ते मण्यांचे दागिने विकून. हे मणी साधे नाहीत. सांबुरूंमध्ये मोरान, म्हणजे तरुण योद्धा, आपल्याच कुळातल्या कोवळ्या मुलीच्या गळ्यात लाल मण्यांच्या माळा घालतो. मग तिच्यावर त्याचा हक्क. कूळ एक म्हणून लग्न होत नाही, आणि दिवस गेले तर गर्भ पाडायला लावतात. त्याच मण्यांच्या कमाईतला दहावा हिस्सा उमोजातली प्रत्येक बाई गावाला देते आणि त्यावर शाळा चालते. मला हे वाचताना भरून आले.

बाहेरही हालचाल झाली. 2011 मध्ये केनियाने मुलींच्या सुंतेविरुद्ध कडक कायदा केला. 2021 मध्ये किसिमा येथे खुद्द सांबुरू वडीलधाऱ्यांनी ही प्रथा आणि बालविवाह सोडल्याचे जाहीर केले. पण मालकीचा प्रश्न उरतोच. उमोजा वसले त्याच सुमारास आपल्याकडे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवरे बायकोच्या नावावर जमीन करून देत होते, म्हणून हा प्रश्न आपल्या वाचकांना परका वाटू नये.

केनियाच्या 2016 च्या सामूहिक जमीन कायद्याने समाजाच्या जमिनीत बाईला पुरुषाच्या बरोबरीने सभासद मानले आहे. पुढच्या महिला दिनाला आपल्या पुरवणीत सांबुरूंच्या गावागावांत जमिनीच्या सभासदांच्या नोंदवहीत किती बायकांची नावे चढली, हे छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा