लाल जॅकेटवाल्या डेल्टा ताईंना, मनापासून थँक्यू

प्रिय डेल्टा ताईंनो,

मतदार नोंदणीत केलेल्या मदतीबद्दल तुमचे आभार मला एकदा सगळ्यांसमोर मानायचे होते. पत्र मराठीत लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी काय करताय हे आधी माझ्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला माझी लेक इंग्लिशमध्ये वाचून दाखवेल, तसं तिने कबूल केलंय.

आपल्याकडच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. सोरोरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची संघटना, म्हटलं की आपल्याला कॉलेजच्या मुली, पार्ट्या असलं काहीतरी वाटतं. पण ब्लॅक बायकांच्या सोरोरिटी कॉलेज संपलं म्हणून संपत नाहीत, डिग्री घेऊन चाळीस वर्षं झालेल्या रिटायर्ड शिक्षिका, नर्सेस, वकील बायका सुद्धा आपापल्या गावातल्या अलम्नी चॅप्टरमध्ये, म्हणजे माजी विद्यार्थिनींच्या शाखेत, काम करत असतात, आणि ते काम मिरवायचं नसतं, उन्हात टेबल मांडून बसायचं असतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आमच्या काउंटीतलं चॅप्टर डेल्टा सिग्मा थीटाचं. मी कुणाला सांगितलं की लगेच विचारतात, कमला हॅरिसवाली ना? नाही हो, ती अल्फा कॅपा अल्फा, 1908 ची, गुलाबी-हिरवी. या लाल आणि क्रीमवाल्या. 1913 च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीतल्या 22 मुलींनी सुरू केली आणि दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, 3 मार्चला, त्या बायकांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. ब्लॅक बायकांनी सगळ्यात मागे चालावं असं तिथे आयोजकांच्या बाजूनेच चाललं होतं, तरी गेल्या. आणि 1920 ला बायकांना मत मिळालं खरं, पण इथे दक्षिणेत ब्लॅक बायकांना मतदानापासून लांब ठेवायचे प्रकार 1965 चा मतदान हक्काचा कायदा येईपर्यंत चालूच होते. म्हणजे तुमच्यातल्या ज्या सगळ्यात मोठ्या ताई आहेत ना, त्यांच्या आईच्या वयाच्या बायकांनी हे सगळं स्वतः सोसलंय.

आता माझं. सप्टेंबर 2024, मी नुकतीच सिटिझन झालेले, लायब्ररीच्या दारात तुमचं मतदार नोंदणीचं टेबल दिसलं. मला वाटलं फॉर्म भरायचा, सही करायची, झालं. तुमच्यातल्या चष्मेवाल्या ताईंनी माझं लायसन्स आणि सिटिझनशिपचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवलं आणि पेनाचं टोपण एकेका अक्षराखालून फिरवत दोन्हीकडची नावं वाचत गेल्या. आता आपली नावं कशी असतात, आपलं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, आणि प्रत्येक कागदावर वेगळं! एकीकडे नवऱ्याचं अख्खं नाव, दुसरीकडे नुसतं पहिलं अक्षर. मी म्हटलं एवढ्याने काय होतंय. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं की 2018 ला या राज्यात 53 हजारांवर अर्ज अडकून पडले होते, नाव किंवा नंबर सरकारी रेकॉर्डशी तंतोतंत जुळला नाही म्हणून, आणि त्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास ब्लॅक लोकांचे होते. नंतर कायदा थोडा सैल झाला, पण नवीन सिटिझनची गोष्ट वेगळी, कारण लायसन्स ग्रीन कार्डावर काढलेलं असतं आणि लायसन्स ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये आपण अजून परकेच दिसतो. हनी, म्हणाल्या, आधी जाऊन ते बदलून घे, फॉर्मवर नाव लायसन्सवर असेल तसंच लिही आणि मत द्यायला जाताना सर्टिफिकेट पर्समध्ये ठेव. नाव नोंदवायची शेवटची तारीख 7 ऑक्टोबर होती, ती त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाच्या पावतीवर लिहून दिली आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं इथे राहतोय, आमच्या ग्रुपवर टॅक्सपासून मुलांच्या एसएटीपर्यंत सगळ्यावर चर्चा होते, ही गोष्ट एकाच्याही तोंडून ऐकली नव्हती.

आणि एक गोष्ट मला फार भावली. कुणाला मत देणार हे तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. त्याऐवजी सॅम्पल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, कसं बघायचं ते दाखवलंत, आणि म्हणालात खालपर्यंत वाच, प्रेसिडेंटवर थांबू नकोस, शेरीफ आणि स्कूल बोर्ड खालीच असतात.

15 ऑक्टोबरला अर्ली व्होटिंग, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीचं मतदान, सुरू झालं, पहिल्याच दिवशी जॉर्जियात 3 लाखांवर लोकांनी मत दिलं. मी दोन दिवसांनी गेले तरी रांग बिल्डिंगला वळसा घालून गेलेली. 2021 च्या कायद्यामुळे मतदान केंद्रापासून 150 फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला पाण्याची बाटलीसुद्धा देता येत नाही, म्हणून तुम्ही त्या हद्दीच्या बाहेर, रस्त्यापलीकडे फोल्डिंग खुर्च्या टाकून बसला होतात, कुणाला राईड हवी असेल तर गाडी तयार ठेवून. मी मत देऊन बाहेर आले, छातीवर मत दिल्यावर मिळणारं ते पीचचं स्टिकर, आणि तुम्ही सगळ्याजणी उभ्या राहून अशा ओरडलात की जसं काही मीच निवडून आले. माझ्या सख्ख्या माणसांपैकी इथे कोणी नाही, त्या दिवशी ते जाणवलं नाही.

आमच्या लोकांना एक सांगायचंय, थोडं स्पष्ट बोलते. आपण इथे स्वतःच्या हुशारीवर आलो असं आपण धरून चालतो. पण 1965 च्या आधी भारतातून वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता, शंभर! तो ज्या कायद्याने उठला तो त्याच वर्षीचा, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशनचा, दोन्ही सिव्हिल राइट्सच्या त्याच लाटेवर आले. त्यासाठी मार ज्यांनी खाल्ला त्यांच्या मुली आणि नाती आज लायब्ररीबाहेर बसून आपल्याला फॉर्म कसा भरायचा ते शिकवतायत, आणि आपण 'नो थँक्यू' म्हणून पुढे जातो. मला हे बघवत नाही आता.

ताईंनो, तुम्ही 2025 च्या नोव्हेंबरमध्येही होतात, जेव्हा बाकी कुणाला इलेक्शन आहे हे माहीतही नव्हतं. वीजदर ठरवणाऱ्या पब्लिक सर्व्हिस कमिशनच्या दोन जागा, कोर्टकज्ज्यात लांबलेल्या. बिल वाढलं की आम्ही सगळे बोंबलतो, पण ते ठरवणारी माणसं आपणच निवडतो हे मला तुमच्याकडून कळलं. त्या वेळी मी नवऱ्याला आणि शेजारच्या दोन घरांना घेऊन गेले.

2026 ला गव्हर्नरची निवडणूक आहे. लेक साडेसतराची होईल, इथे त्या वयात नाव नोंदवता येतं, तिचा फॉर्म तुमच्याच टेबलावर भरायचाय, चष्मेवाल्या ताईंसमोर. आणि मंडळातल्या आम्ही चारपाचजणी तयार आहोत, मराठी, गुजराती, हिंदी बोलणारं कोणी टेबलावर लागलं तर आम्हाला बसवा, खुर्च्या आम्ही आणतो. फक्त आधी आम्हालाही ते नाव तपासायचं नीट शिकवा, एखादा शनिवार सांगा.

तुमची,
लायब्ररीतली ती लांब नावाची मराठी बाई