वजन कुठल्या पायावर आहे?

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

सोमवारी तुमचा जॅझ नाचाचा क्लास सुरू होतोय, म्हणजे हातात सहा दिवस आहेत. यूट्यूबवर बघून अख्खा नाच पाठ करायच्या मागे लागू नका. जॅझच्या पहिल्या तासाला सगळे एकाच ठिकाणी अडतात: आपलं वजन आत्ता कुठल्या पायावर आहे, हेच कळत नाही. जो पाय उचलायचा त्याच्यावरच भार असतो, मग अडखळायला होतं आणि वाटतं ताल चुकला. ताल बहुतेक वेळा बरोबरच असतो. म्हणून हे सहा दिवस रोज दहा मिनिटं फक्त दोन स्टेप करा, दोन्ही हॉलमधल्या दोन बाय दोनच्या टाइलवर.

पहिली जॅझ स्क्वेअर. एक म्हणताना उजवा पाय डाव्याच्या पुढून आडवा टाका, दोनला डावा मागे, तीनला उजवा बाजूला, चारला डावा पुढे. टाइलच्या बाहेर जाऊ नका. पहिलं पाऊल मोठं पडलं की कंबर फिरते, आणि मग चौकोनाचा त्रिकोण होतो. चारनंतर उजवा पाय सहज उचलता आला तर बरोबर. नाही आला तर मध्ये कुठेतरी पाय नुसता टेकवलाय, वजन दिलेलं नाही.

दुसरी किक-बॉल-चेंज, मोजायची 'एक आणि दोन'. एकला उजव्या पायाची छोटी किक, घोट्याच्या उंचीची पुरे. 'आणि'ला तोच पाय मागे नेऊन चवड्यावर टेकवा आणि सगळं वजन त्याच्यावर घ्या. दोनला वजन परत डाव्यावर. खरी गोची त्या 'आणि'त आहे. त्या क्षणी डावा पाय जमिनीपासून कागदभर तरी सुटला पाहिजे. बाबा, तुम्ही आईच्या पायाकडे बघा, आईने तुमच्या. स्वतःच्या पायाकडे बघितलं की मान खाली जाते आणि तोल पुढे जातो. सुरुवातीला आधाराला खुर्चीची पाठ धरा. गाणं लावायचंच तर संथ लावा, मिनिटाला ८०-९० ठोक्यांचं. टाळी वाजवून बघा: जॅझमध्ये जोर दोन आणि चारवर येतो, आपला हात सवयीने एक आणि तीनवर पडतो.

गुडघे कायम थोडे सैल. बाबा, लेझीम खेळताना जसे वाकवायचात तसे, फक्त इतकं खाली नको. ताठ गुडघ्यावर वजन बदललं तर धक्का थेट सांध्यात बसतो. आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच वाकला पाहिजे, आत नको.

वॉर्म-अप १५-२० मिनिटं चालतो. त्यात आयसोलेशन असतं, म्हणजे बाकी शरीर स्थिर ठेवून एकच भाग हलवायचा: मान, मग खांदे, बरगड्या, कंबर. आई, तुला हे परकं वाटणार नाही. अमेरिकेत ज्याने नाटक-सिनेमातल्या जॅझला वळण लावलं, तो जॅक कोल (१९११-१९७४) भरतनाट्यम शिकलेला होता आणि त्या हालचाली स्विंग या जॅझच्या प्रकारातल्या संगीतावर बसवून नाचायचा. बरगड्या हलवताना खांदे वर चढतात, हमखास. खुर्चीत बसून आरशासमोर करून बघ. मान मात्र दोघांनीही पूर्ण गोल फिरवू नका. उजवीकडे, डावीकडे, खाली, बस. मागे टाकलेली मान बाबांच्या स्पॉन्डिलायटिसला चालणार नाही, आणि बाकीचे करतायत म्हणून करायची तर मुळीच नाही.

तोलासाठी एक युक्ती न्यूयॉर्कचे जॅझ नाच शिक्षक लुइजी यांची. १९४६ मध्ये मोटार अपघातात त्यांचं अर्धं शरीर लुळं पडलं होतं. त्यातून सावरताना केलेल्या व्यायामातूनच पुढे त्यांची जॅझ शिकवण्याची पद्धत तयार झाली. कमरेच्या उंचीवर न दिसणारा कठडा आहे असं समजून दोन्ही तळहात हळू खाली दाबायचे. पोट आत जातं, पाठ वर ताणली जाते. एका पायावर उभं राहताना करून बघा.

बूट: घरातले चालायचे बूट नकोत. त्यांचा रबरी तळ जमीन धरून ठेवतो, वळताना पाय तिथेच राहतो आणि गुडघा पिळला जातो. नुसते मोजेही नकोत, सटकतात. मऊ चामड्याचे जॅझ शूज घ्या, तळ अखंड असलेले. दोन तुकड्यांच्या तळाचे दिसायला सुंदर, पण नवख्याच्या तळव्याला आधार कमी. संध्याकाळी खरेदीला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटं सरळ राहिली पाहिजेत, पण बूट घट्टच हवा, चामडं सैलावतं. रस्त्यावर घालू नका, पिशवीतून न्या.

आई, ओढणी नको, लांब मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्याही घरी. लेगिंग घाल, गुडघे दिसले तर शिक्षक चूक सांगू शकतात. बाबांच्या ट्रॅक पँटचे पाय घोट्यापर्यंतच दुमडा. जेवण दोन तास आधी. फार तर तासभर आधी एक केळं. बाबा, तुमची बीपीची गोळी चालू आहे, तर जमिनीवरचे व्यायाम झाल्यावर आधी बसा, दहापर्यंत मोजा, मग उठा.

उभं राहायला दुसरी रांग, मधोमध. मागच्या रांगेत लपायला जाल आणि वळण आलं की तुम्हीच सगळ्यात पुढे. शिक्षक तुमच्याकडे तोंड करून उभे असतील तर त्यांच्या डाव्या-उजव्यात अडकू नका. खोलीच्या ज्या बाजूला ते जातात त्याच बाजूला जा. हात विसरले तर चालतील. पाय चालू ठेवा.

सुरू व्हायच्या आधी शिक्षकांना बाजूला घेऊन बाबांची मान, बीपी आणि आईचा डावा गुडघा, एवढं नक्की सांगा. आई, तू सांग. बाबा सांगणार नाहीत.

तुमची लेक