आई, ड्रॉप्स मधेच थांबवू नकोस

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर आई सहज बोलून गेली, "आता लख्ख दिसतंय, तीन दिवस झाले, ड्रॉप्स बंद केलेत." मी चिडले, ते चुकलंच. पण रात्री झोप लागली नाही, म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या या ड्रॉप्सबद्दल आता सगळं नीट लिहिते आहे.

आई, गच्चीतून पर्वतीवरच्या देवळाचा कळस स्वच्छ दिसला तेव्हाचा तुझा आवाज माझ्या कानात आहे. दोन वर्षं तू तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढत होतीस. पण हे दिसणं नव्या लेन्सचं आहे, डोळा आतून अजून भरून यायचाय. चीर जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, टाकाही नाही, त्यामुळे ऑपरेशन झालंय हेच विसरायला होतं. आत मात्र जुनं भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून काढलंय. अशी इजा झाली की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं आणि डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. तो पाझर मागच्या पडद्याच्या मध्यावर साठला, की ज्या जागेनं तू पोथी वाचतेस तीच सुजते. ही सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांनी कळते, सगळे निर्धास्त झाल्यावर. मधुमेह असला की धोका जास्त, आणि तुझी साखर पंधरा वर्षांची आहे गं.

ती दुधाळ बाटली स्टेरॉइडची. तुझ्या कागदावर पहिला आठवडा सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी, असं लिहिलंय. एकदम सोडलं तर दबलेली सूज पुन्हा उसळते. दुसरी बाटली त्या प्रोस्टाग्लँडिनलाच अडवते. तिसरी जंतुसंसर्गाची, ती आधी संपेल. घरी सोडताना आपल्याला फक्त वेळा सांगितल्या, आणि मीही फ्रिजवर नुसत्या वेळाच चिकटवल्या. त्यामागचं कारणही तेव्हाच सांगायला हवं होतं.

बाबा, थेंब घालायचं काम आता तुम्ही घ्या. दुधाळ बाटलीत साका खाली बसतो, न हलवता घातली तर औषध तळाशीच राहतं. एकच थेंब पुरे, डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. मग आईनं डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरायचा, आणि दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं वाहून जातं. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. शेजारच्या काकूंनी दिलेली उरलेली बाटली आजच टाकून द्या. स्टेरॉइडनं काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच चालतं, आणि तपासणीही त्यासाठीच चुकवायची नाही.

आज सकाळीच डॉक्टरांना फोन करून तीन दिवस चुकल्याचं स्पष्ट सांगा. कुठून सुरू करायचं ते तेच ठरवतील, राहिलेले थेंब भरून काढायला दुप्पट घालू नका. दुखायला लागलं, लाली वाढली किंवा धुरकट दिसू लागलं, तर मध्यरात्र असली तरी रिक्षा करून दवाखान्यात जा. माझ्या फोनची वाट बघू नका.

गुरुवारच्या तपासणीला मी रजा घेतली आहे. बुधवारी रात्री कोल्हापूरहून निघते, पहाटे स्वारगेटला उतरेन. सातचा थेंब मी घालीन.

तुमची,
मनू