पंगतीतली विषबाधा आणि न जपलेला जंतू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लगीनसराई सुरू झाली की आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पानांवर एक बातमी हमखास येते, 'पंगतीत विषबाधा'. दुसऱ्या दिवशी 'सर्वांची प्रकृती स्थिर' छापून येतं आणि विषय मिटतो. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केलं. ज्या दिवशी विषय मिटतो, त्याच दिवशी पुरावाही गटारात जातो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नात्यातल्याच एका लग्नात हे घडलं. हळदीची पंगत रात्री नऊला बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बासुंदी. पहाटे चारपासून माणसं आडवी पडू लागली. पोटात मुरडा, जुलाब, पाठोपाठ ताप. दोन-तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या असत्या, तर मी स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या विषाचा संशय घेतला असता. सात-आठ तासांनी आणि तापासकट, म्हणून मला साल्मोनेला हा जंतू वाटला. पण नुसतं वाटून काय उपयोग? दवाखान्यात एकेका खाटेवर दोघं-दोघं, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधलेल्या. डॉक्टर आणि सिस्टर जीव तोडून राबले, कुणी दगावलं नाही, त्यांचे उपकार आहेत. मात्र शौचाचा नमुना एकाचाही घेतला गेला नाही. पहिल्या तासातच सगळ्यांना अँटिबायोटिक टोचलं गेलं, आणि त्यानंतर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तो उगवेलच याचा भरवसा राहत नाही. उरलेली बासुंदी घरच्यांनी घाबरून खड्ड्यात पुरली. तपासणीला गेलं ते रात्रभर उघडं राहिलेलं वरण. अहवाल आला, 'खाण्यास अयोग्य'. तेवढं तर पातेल्यावरचं झाकण उचललं तरी कळत होतं.

बोल लागला आचाऱ्याला. "आप्पा, मन्हं काय चुकनं ते तं सांगा," असं तो मला विचारत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं घेतलेल्या पुढच्या सगळ्या सुपाऱ्या परत गेल्या. तीन आठवड्यांनी शेजारच्या तालुक्यात, दुसऱ्याच आचाऱ्याच्या पंगतीत, तसेच जुलाब आणि तसाच ताप. दोन्हीकडच्या बासुंदीतला खवा एकाच ठिकाणचा होता असं लोक बोलतात. खरं असेल, खोटंही असेल.

याचा निवाडा करणारं साधन आज उपलब्ध आहे. कोरोनात आपण सगळे 'जिनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द शिकलो, डेल्टा-ओमिक्रॉन त्यातूनच ओळखू आले. तीच तपासणी जुलाबाच्या जंतूचीही होते. साध्या कल्चरमध्ये 'साल्मोनेला' एवढंच कळतं. म्हणजे आडनाव कळलं. आपल्याकडे निम्मं गाव पाटील असतं, नुसत्या 'पाटील' या पत्त्यावर चिठ्ठी कुणाच्या हाती पडणार? साल्मोनेलाचे अडीच हजारांवर प्रकार आहेत. सिक्वेन्सिंगमध्ये त्याच्या डीएनएतली सुमारे ४८ लाख अक्षरं ओळीनं वाचली जातात. दोन गावांतल्या रुग्णांच्या जंतूंत चार-दोन अक्षरांचाच फरक निघाला, तर ते बहुधा एकाच उगमाचे. शेकडो अक्षरं वेगळी निघाली, तर त्या खवेवाल्यावर उगाच आळ नको. अर्थात कोण काय जेवलं, माल कुठून आला, ही घरोघर फिरून करायची विचारपूस त्यानं सुटत नाही. दोन्ही हातात हात घालून चालावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरिया नावाच्या जंतूनं हजारावर माणसं आजारी पडली, दोनशेवर दगावली, त्यांत कित्येक तान्ही बाळं होती. हा जंतू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला कधी कधी दोन महिनेही लागतात, इतक्या मागचं जेवण कुणाला आठवणार? रुग्णांच्या जंतूंचं सिक्वेन्सिंग चालू होतं, बहुतेक एकाच कुळीचे निघत होते, पण उगम सापडेना. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोच्या एका पाळणाघरातली मुलं जुलाबानं दवाखान्यात आली. त्यांतल्या एकाच मुलाच्या शौचात लिस्टेरिया सापडला. तपास करणारे त्या पाळणाघराच्या फ्रिजपर्यंत गेले, तिथल्या पोलोनी नावाच्या मांसाच्या पदार्थापर्यंत, आणि तिथून कारखान्यापर्यंत. जंतू जुळला. मार्चमध्ये माल बाजारातून परत घेतला गेला. त्या एका मुलाचा नमुना घ्यायचा राहिला असता तर?

शेतकऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची मोठी साथ आली, पन्नासावर माणसं गेली. सुरुवातीला स्पेनच्या काकडीवर बोट ठेवलं गेलं. काकडीवरचा जंतू निराळाच निघाला आणि उगम ठरले मेथीचे मोड. पण तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल सडून गेला होता. उद्या असं बोट आपल्या केळीवर किंवा भरताच्या वांग्यावर ठेवलं गेलं, तर निर्दोष असल्याचं दाखवायला आपल्या हाती काय आहे?

अमेरिकेत १९९६ पासून पल्सनेट नावाचं जाळं अशा जंतूंच्या खुणा जुळवतं आणि २०१९ पासून तिथं सिक्वेन्सिंग हीच नेहमीची पद्धत आहे. आपल्याला लगेच तेवढं नको. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत टिकवणाऱ्या, दहा-बारा नळ्या असाव्यात. पंगतीतले रुग्ण आले की अँटिबायोटिक देण्याआधी निदान पाच जणांचे नमुने घ्यावेत. अत्यवस्थ माणसाचा उपचार मात्र त्यासाठी थांबवू नये. उगवलेला जंतू टाकून न देता ग्लिसरॉल या द्रवात गोठवून ठेवावा. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांपैकी एका ठिकाणी तरी सिक्वेन्सिंगची सोय शासनानं करावी. आणि रुग्ण पाहणारा आरोग्य विभाग व अन्न तपासणारं अन्न व औषध प्रशासन यांनी आपापले कागद एकाच टेबलावर ठेवावेत. आज एकाकडे माणूस असतो, दुसऱ्याकडे वरण.

संपादक महाशय, आपल्याकडेही एक मागणं आहे. पुढच्या पंगतीची बातमी आली, तर आचाऱ्याचं नाव छापण्याआधी आपल्या वार्ताहरानं दवाखान्यात विचारावं की रुग्णांच्या शौचात कोणता जंतू सापडला, आणि तो जपून ठेवला आहे का.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
अमळनेर, जि. जळगाव