मेथॉक्साइड आणि पाण्याचा हिशेब

महोदय,

वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करण्यावरील आपल्या पुरवणीतील लेखात ‘कॉस्टिक सोडा मिथेनॉलमध्ये विरघळवला की सोडियम मेथॉक्साइड मिळते’ असे म्हटले आहे. (हे मेथॉक्साइड तेलाचे बायोडिझेल होण्यासाठी उत्प्रेरक म्हणून लागते.) हे विधान अर्धेच खरे आहे, आणि तेलाचा साबण होतो तो उरलेल्या अर्ध्यामुळे.

कॉस्टिकने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने, मिथेनॉलचा प्रोटॉन काढून घेतला की मेथॉक्साइडच्या जोडीला पाणी तयार होते. मिथेनॉल भरपूर असल्याने समतोल मेथॉक्साइडकडे झुकतो खरा, पण पाणी भांड्यातच राहते. लिटरभर ताज्या तेलाला २०० मिली मिथेनॉल आणि ३.५ ग्रॅम कॉस्टिक धरले, तर या अभिक्रियेतूनच दीड ग्रॅमच्या आसपास पाणी येते. उघड्या बरणीतल्या कॉस्टिकने हवेतून ओढलेले आणि तळणीच्या तेलातले पाणी वेगळेच. त्यामुळे थोडा हायड्रॉक्साइड कायम शिल्लक असतो. तो एस्टर (मेदाम्ल आणि अल्कोहोल यांची जोडसंयुगे; तेल आणि बायोडिझेल दोन्ही याच जातीची) फोडून साबण करतो, आणि मग जोडीला निघणारे ग्लिसरीन नीट खाली बसत नाही. म्हणूनच मोठे कारखाने मिथेनॉलमधले २५ ते ३० टक्क्यांचे तयार मेथॉक्साइड घेतात.

बायोडिझेलमध्ये थोडा साबण खपून जातो. क्लायझेन संघननात (दोन एस्टर रेणू जोडण्याच्या प्रयोगशाळेतील अभिक्रियेत) नाही. तिथे कॉस्टिक चालत नाही. इथेनॉलपासून मिळणारे सोडियम एथॉक्साइड लागते, आणि ते प्रयोगशाळेत सोडियम धातूपासून करतात. १०० मिली निर्जल इथेनॉलमध्ये २.३ ग्रॅम सोडियम विरघळवले की साधारण एक मोलर एथॉक्साइड मिळते. रेक्टिफाइड स्पिरिट चालत नाही, त्यात चार-पाच टक्के पाणी असते. सोडियमवरचे तेल टिपून, पांढरी साल काढून, लहान तुकडे एकेक करून अल्कोहोलमध्ये सोडायचे. सोडियमवर अल्कोहोल ओतायचे नाही. वर रिफ्लक्स कंडेन्सर (वाफ थंड करून परत भांड्यात सोडणारी नळी) आणि ओलावा अडवणारी कॅल्शियम क्लोराइडची नळी हवी. एवढ्या सोडियममधून सव्वा लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो, त्यामुळे नळीचे तोंड बंद नको आणि जवळपास ज्योत नको. सोडियमचे उरलेले कण आयसोप्रोपेनॉलमध्ये संपवावेत. पाण्यात टाकले की पेट घेतात.

टर्शरी ब्युटेनॉलशी सोडियमची अभिक्रिया फारच संथ होते, तिथे पोटॅशियम वापरतात. मात्र जुन्या पोटॅशियमवर पिवळट-नारिंगी थर दिसला तर त्याला सुरी लावू नये. हवेमुळे तयार झालेल्या या सुपरऑक्साइडच्या थरामुळे स्फोट होऊ शकतो.

एथॉक्साइडचे द्रावण ताजेच वापरावे. हवा लागून ते पिवळे, मग तपकिरी होते, आणि हवेतल्या दमटपणाने व कार्बन डायऑक्साइडने त्याची ताकदही उतरते.

– रसायनशास्त्राचे दोन शिक्षक