राग देवाकडे दे, अर्ज मात्र कर

प्रिय गड्या,

प्रभूच्या नावात सलाम. परवा फोनवर तू म्हणाला ना, सगळे मले झालं गेलं विसर म्हणतात पण सावकारानं घेतलेल्या त्या वावराच्या धुऱ्यावरून गेलं की डोक्यात आग होते, तेव्हापासून तेच मनात घोळून रायलं म्हणून लिहून रायलो. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही.

2017 मध्ये कापसावर फवारताना कीटकनाशकाचं विष चढून आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीक घरं बसली, त्यात माझे बाबा गेले, हे तुले माहीतच आहे. ज्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, ते फवारायले गेले त्यानं ना मास्क दिला ना हातमोजे, अन् नंतर आमच्या दारातही आला नाही. तो पंप आईनं लय दिवस खुंटीले टांगून ठेवला होता, पट्टा बाबाच्या खांद्यावर घासून घासून गुळगुळीत झालेला, जेवताना समोर तोच दिसायचा अन् घास कडू व्हायचा. चर्चमध्ये लोकं म्हणायचे माफ कर, अन् मले वाटायचं म्हणजे काय, जे झालं ते बरोबर झालं असं म्हणू का?

मग एका उपास-प्रार्थनेत पास्टरनं बायबलातलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घेतलं. मागचं विसरून पुढं धावतो असं पौल म्हणतो ते आपल्याले संडे स्कूलपासून पाठ आहे, पण ते लिहिलं कोणत्या गावाले ते बघ. त्याच फिलिप्पैत त्याचे कपडे फाडून छड्यांनी मारलं होतं, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं, चौकशी नाही काही नाही. प्रेषितांची कृत्ये, 16 वा अध्याय काढून वाच. मध्यरात्री तो अन् त्याचा सोबती सीला गाणी गात होते, अन् सकाळी शिपाई म्हणाले सोडलं तुम्हाले, जा आता, तर पौल म्हणतो नाही, आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय चारचौघात मारलं, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं. अन् आले ना ते, विनवण्या करत आले! एकाच माणसानं गाणीही गायली अन् हक्कही मागितला, अन् पुढं दुसऱ्या कैदेतून त्याच गावाले लिहितो आनंद करा, पुन्हा म्हणतो आनंद करा. हे ऐकलं अन् माझ्या छातीवरचं काहीतरी सरकलं बघ.

घरी येऊन मी देवाले सगळं सांगितलं, मनातल्या शिव्यांसकट. दावीद नाही का स्तोत्रात विचारत, परमेश्वरा, किती वेळ? एका दिवसात काही झालं नाही. पण आता तो माणूस आठवडी बाजारात भेटला की मी नमस्कार करतो, हात थरथरतो कधी, तरी करतो. बाबाची आठवण आली की रडतोही. ज्याले भावांनीच विकलं तो योसेफ मिसराचा अधिकारी होऊनही त्या भावांसमोर मोठ्यानं रडला, मग आपण कोण.

म्हणून म्हणतो, त्या सावकाराचा राग प्रभूपाशी ठेव, रोज ठेवावा लागला तरी ठेव, पण वावर सोडू नको. 2014 च्या सावकारी कायद्यात सावकारीच्या व्यवहारातून गेलेली जमीन परत मागता येते, 15 वर्षांच्या आतली असली तर, अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा. तुझा व्यवहार त्यात बसते. सोमवारी खरेदीखत, सातबारा अन् पैसे दिल्याच्या ज्या काही चिठ्ठ्या असतील त्या घेऊन ये, झेरॉक्स इथं काढू. काकूले सलाम सांग, पोट्ट्यांना पापा.

तुझाच